लाल जरा सरकलेला

चरईत भाणजीभाईंच्या रद्दीत
वजनकाट्याशेजारचं स्टूल माझं ठरलेलं आहे.
जुने दिवाळी अंक ते बाजूला काढून ठेवतात.
"ताई, वास मारतात हां."
मला वासच हवा असतो,
पण तसं म्हटलं की भाव चढतो,
म्हणून मी नाक मुरडते.

दिवसभर लॅबमध्ये काचपट्ट्या बघते,
लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजते.
रात्री तेच डोळे घेऊन मुखपृष्ठावर उतरते.
लांबून बाई दिसते, हातात तबक, तबकात निरांजन.
भिंगाखाली ना बाई, ना तबक,
पिवळे ठिपके, निळे ठिपके,
आणि गाल म्हणून जे काही होतं
तिथे लालाची नुसती चाळण.

अंकाचं नाव सांगणार नाही.
सांगितलं तर तुम्हीही शोधाल.
किंमत तीन रुपये,
आत केशतेल, टॉनिक, एका बंद पडलेल्या गिरणीची लुगडी.
माझ्याकडे त्याच्या अकरा प्रती आहेत.
निहार विचारतो, "आई, तीच बाई अकरा वेळा कशाला?"

तीच नाही रे.
हिचा ओठ ओठावर आहे.
हिचा केसभर वर.
आणि ही सातवी बघ,
खांद्यावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का,
हिचा लाल इतका सरकलाय
की ओठ नाकाखाली जाऊन बसलाय,
कुंकू भांगाच्या वाटेला लागलंय,
आणि ज्योतीतली लाली
वातीला सोडून
हवेत एकटीच पेटलीय.

मागच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
छापखान्याचा पत्ता: वागळे इस्टेट.
तिथे आता काचेची इमारत.
वॉचमनला छापखाना माहीत नाही,
समोरच्या चहावाल्याला माहीत आहे.
"मशीनवरचे हिराजी भोईर? बालकुमला असतात.
मारुतीच्या देवळामागं विचारा."

हिराजीबाबांनी बाईकडे पाहिलंच नाही.
अंक आडवा धरला, कड चाचपली,
छापताना लावलेली फुली शोधत होते,
ती कापणीत कधीच गेलेली.
मग म्हणाले, "रातपाली व्हती.
पिवला मारला, तवर बरा व्हता.
कागद ओला आलेला, ताणला.
लाल चढवला नि माझा डोला लागला.
उठलो तं चारशे निघालेले."
थोडं थांबले.
"मी बोललो फेका.
मालक बोलला, दिवाली हाय, जाऊ दे."

अंगठ्याच्या नखानं त्यांनी
तिचा ओठ हळूच खाली ओढला,
अजून शाई ओली असावी तसा.
नखात बावन्न वर्षांचं काळं.

मी सांगायला गेले होते
की मला हाच आवडतो,
सगळ्या अकरांत हाच.
वाक्य रिक्षात बसून तयार केलं होतं.
तेवढ्यात त्यांनी विचारलं,
"आजून कुनाकडं हाय काय असा?"

"नाही," मी म्हणाले. "हा शेवटचाच."

"बरं झालं," ते म्हणाले,
आणि पहिल्यांदा बाईकडे बघितलं.
"दिसायला बरी व्हती."
सुनेनं चहा आणला. तो त्यांनी बशीत ओतला.

त्यानंतर मी जास्तच शोधते.
तीनशे नव्याण्णव कुठे ना कुठे असतील,
ट्रंकांत, माळ्यांवर, चिवड्याच्या पुड्या होऊन संपलेल्या.
घरी आणून कपाटात लपवायच्या आहेत,
त्यांच्यासाठी की माझ्यासाठी,
ते नीट ठरलेलं नाही.

काल भाणजीभाईंचा फोन आला.
"एक आलीय ताई, पण तोंड बिघडलंय.
काट्यावर टाकू का?"
"टाकू नका," मी म्हणाले.
इतक्या घाईनं म्हणाले
की पलीकडे ते जरा हसले,
आणि भाव सांगायच्या आधी
बराच वेळ गप्प राहिले.